संदेश गेला, पण वेळेत पोहोचला का? विमानातल्या उपग्रह संदेशवहनाची चाचणी, पायरीपायरीने

३५,००० फुटांवरून उडणारं विमान जमिनीवरच्या व्हीएचएफ अँटेनाच्या नजरेत साधारण २३० सागरी मैल राहतं. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. अटलांटिक किंवा पॅसिफिकच्या मध्यावर मग दोनच वाटा उरतात: आयनावरणावर आपटून परतणारा खरखरीत एचएफ रेडिओ, नाहीतर उपग्रह. १९९५ मध्ये बोइंगच्या विमानांत फॅन्स-१ ही लेखी संदेशांची प्रणाली आली आणि वैमानिक व नियंत्रक उपग्रहामार्फत लेखी संदेशांनी बोलू लागले. आज महासागरावर दोन विमानांमध्ये जे किमान अंतर ठेवलं जातं, ते कमी करता आलं आहे ते बऱ्याच अंशी या संदेशवहनाच्या भरवशावर.

त्यामुळे 'सिग्नल येतोय' एवढ्यावर चाचणी संपत नाही. प्रश्न तीन आहेत. संदेश योग्य विमानाला पोहोचला का? ठरलेल्या वेळेत पोहोचला का? आणि नाही पोहोचला, तर ते दोन्ही टोकांना वेळेत कळलं का? तिसरा प्रश्न बहुतेक चाचणी-आराखड्यांत शेवटच्या पानावर जाऊन बसतो. माझ्या मते त्याची जागा पहिल्या पानावर आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच हिशोबाने लिहिला आहे. एव्हिऑनिक्समध्ये किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाच्या तांत्रिक बाजूला नव्याने आलेल्या माणसाला तो उपयोगी पडावा.

१. आधी साखळी कागदावर काढा

एक मोठा कागद घ्या आणि वैमानिकाच्या बोटापासून नियंत्रकाच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता काढा. कॉकपिटमधला डिस्प्ले, संदेश सांभाळणारा कम्युनिकेशन मॅनेजमेंट युनिट म्हणजे सीएमयू, उपग्रहाशी बोलणारा सॅटेलाइट डेटा युनिट म्हणजे एसडीयू, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा ठेवणारा डिप्लेक्सर, अँटेना, उपग्रह, ग्राउंड स्टेशन, उपग्रह कंपनीचं जाळं, संदेश वाहून नेणाऱ्या सेवादात्याचं जाळं, नियंत्रण केंद्रातला डेटालिंकचा (लेखी संदेशवहनाचा) सर्व्हर, उड्डाण-आराखड्यांची प्रणाली आणि सर्वांत शेवटी नियंत्रकाचा पडदा. बारा-तेरा कड्या सहज होतात, आणि त्या पाच-सहा वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात असतात.

आता प्रत्येक कडीपाशी दोन गोष्टी लिहा. इथे वेळेची नोंद कुठे होते? आणि ही कडी तुटली तर सर्वांत आधी कोणाला कळतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कोणालाच नाही' असं जिथे येईल तिथे लाल वर्तुळ करा. चाचणीचा निम्मा वेळ या लाल वर्तुळांवर जायला हवा.

घड्याळांचं आत्ताच उरकून घ्या. डेटालिंक वापरणाऱ्या नियंत्रण केंद्राचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासून एका सेकंदापेक्षा जास्त ढळता कामा नये, असा आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, नियम आहे. चाचणीतल्या प्रत्येक लॅपटॉपला आणि रेकॉर्डरलाही तोच नियम लावा. घड्याळं जुळलेली नसतील, तर संदेश निघण्याआधीच पोहोचल्याचं दाखवणारे लॉग हाती येतात आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते.

२. 'चालतं' म्हणजे काय, ते आकड्यांत लिहा

इथे आयकाओचं डॉक्युमेंट ९८६९ हाताशी हवं. कामगिरीवर आधारित संदेशवहन आणि निगराणीचं, म्हणजे पीबीसीएसचं, हे पुस्तक. उत्तर अटलांटिकवर पीबीसीएस मार्च २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या दोन संज्ञा रोज कानावर पडतील: आरसीपी म्हणजे संदेशवहनाची अपेक्षित कामगिरी आणि आरएसपी म्हणजे निगराणीची.

आरसीपी २४० चा अर्थ असा. नियंत्रकाने सूचना लिहायला घेतल्यापासून वैमानिकाचं उत्तर त्याच्या ध्यानात येईपर्यंतचा व्यवहार ९५ टक्के वेळा २१० सेकंदांत आणि ९९.९ टक्के वेळा २४० सेकंदांत पुरा व्हायला हवा. या सेकंदांची वाटणी केलेली असते. नियंत्रकाच्या लिहिण्या-वाचण्याला ३०, वैमानिकाच्या विचाराला आणि उत्तराला ६०, आणि उरलेले यंत्रणेला: ९५ टक्क्यांच्या हिशोबात १२० आणि ९९.९ च्या हिशोबात १५०. आरएसपी १८० मध्ये विमानाचा स्थान-अहवाल ९५ टक्के वेळा ९० सेकंदांत आणि ९९.९ टक्के वेळा १८० सेकंदांत पोहोचावा लागतो. जमिनीवरच्या गर्दीच्या आकाशासाठी हे आकडे फार ढिले पडतात, म्हणून तिथे आरसीपी १३० सारख्या कडक अटी आहेत. युरोपीय अवकाश संस्थेचा आयरिस प्रकल्प याच जमिनीवरच्या वाहतुकीसाठी उपग्रह वापरतो.

आता एक हिशोब, जो अनेकजण करत नाहीत. ९९.९ टक्के सिद्ध करायला किती संदेश लागतील? एकही संदेश उशिरा आला नाही असं धरलं, तरी ९५ टक्के खात्रीने हा दावा करायला सुमारे ३,००० व्यवहार लागतात. ९५ टक्क्यांचा दावा मात्र ५९ व्यवहारांत होतो. म्हणजे चार चाचणी-उड्डाणांतून दोनशे संदेश गोळा करून कोणी '९९.९ टक्के गाठलं' असं लिहिलं असेल, तर तो अहवाल सरळ परत पाठवा. शेपटीकडचा, म्हणजे ९९.९ चा, आकडा प्रत्यक्ष सेवेतल्या देखरेखीतूनच सिद्ध होतो. चाचणी-उड्डाणं फक्त ढोबळ चुका पकडतात.

३. लिंकचा जमाखर्च मांडा

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. इनमारसॅट या उपग्रह-सेवेची पद्धत ही. इरिडियम या दुसऱ्या सेवेचे ६६ उपग्रह मात्र ७८० किलोमीटरवर, ध्रुवांवरून फिरणाऱ्या कक्षांत असतात. दोन्ही एल-बँडमध्ये, दीड गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. तरी चाचणीच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्राणी आहेत.

मोकळ्या अवकाशातली घट भूस्थिर उपग्रहाकडे जाताना सुमारे १८८ डेसिबल होते, तर डोक्यावरच्या इरिडियमकडे जाताना सुमारे १५५. हा फरक पटीत मोजला तर दोन हजारांच्या वर जातो. म्हणून भूस्थिर उपग्रहासाठी जास्त गतीची सेवा हवी असेल तर उपग्रहाकडे रोखलेली, १२ डेसिबलच्या आसपास गेन असलेली अँटेना लागते. इरिडियमचं काम कोणत्याच दिशेला न रोखलेल्या साध्या अँटेनावर भागू शकतं. उलट डॉप्लरमध्ये इरिडियम अवघड. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो, त्यामुळे फ्रीक्वेन्सी दोन्ही बाजूंना ३५ किलोहर्ट्झच्या आसपास सरकते. भूस्थिर उपग्रहाच्या बाबतीत फक्त विमानाचा वेग मोजायचा, तो सरकाव दीड किलोहर्ट्झच्या आतच राहतो.

विलंबाबद्दल एक गैरसमज काढून टाकू. भूस्थिर उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली यायला सिग्नलला जेमतेम पाव सेकंद लागतो. आवाजी संभाषणात तो जाणवतो, दोघे एकदम बोलू लागतात. पण १२० सेकंदांच्या हिशोबात पाव सेकंद म्हणजे काहीच नाही. लेखी संदेशाचे सेकंद खर्च होतात ते रांगेत थांबण्यात, पुन्हापुन्हा पाठवण्यात आणि एका जाळ्यातून दुसऱ्यात जाण्यात. उशीर शोधताना आकाशाकडे सर्वांत शेवटी बघा.

जमाखर्चात अँटेनाच्या केबलमधली घट, कनेक्टर, रेडोम, शेपटीची सावली आणि जुनेपणाची घट हे सगळं धरा. मग तीन डेसिबल हाताशी शिल्लक ठेवा. शिल्लक कागदावरच शून्य येत असेल, तर उड्डाणाची तारीख ठरवू नका.

४. टेबलावरची चाचणी

विमान महाग, वेळ त्याहून महाग. म्हणून जे टेबलावर मोडू शकतं ते टेबलावरच मोडून घ्या. एसडीयू, एक चॅनेल एम्युलेटर आणि उपग्रहाच्या जाळ्याचा सिम्युलेटर अशी मांडणी करा. एम्युलेटरमध्ये विलंब, डॉप्लर आणि क्षीण होत जाणारा सिग्नल भरता येतो. समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होणारा सिग्नलही त्यात घाला, कारण उपग्रह क्षितिजालगत असताना तोच जास्त छळतो.

पहिली चाचणी साधी आणि फार बोलकी. सिग्नल क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर एकेक डेसिबलने वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीवर शंभर संदेश पाठवा. लिंक कुठे तुटते हे तर कळेलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुटण्याआधी काय होतं ते बघा. चांगली यंत्रणा आधी मंदावते, मग 'संपर्क नाही' असं स्वच्छ सांगते. वाईट यंत्रणा 'जोडलेली' असल्याचं दाखवत राहते आणि संदेश पोटात साठवत जाते. हे साठवणं पुढे फार महागात पडतं, त्याकडे सहाव्या पायरीत येतोच.

त्याच बेंचवर हँडओव्हर तपासा. इरिडियमचा एक उपग्रह एका जागी काही मिनिटंच दिसतो आणि जोडणी सतत पुढच्या बीमकडे (उपग्रहाच्या अँटेनाच्या झोताकडे), पुढच्या उपग्रहाकडे सोपवली जाते. नेमक्या सोपवण्याच्या क्षणी लांब संदेश पाठवा. तो अर्धा जातो, दोनदा जातो की एकदाच पूर्ण जातो? किमान काही शेकडा वेळा करून बघा. दहा वेळा केलेली चाचणी इथे निरुपयोगी आहे.

यंत्राच्या टिकाऊपणाच्या चाचण्या आरटीसीए या अमेरिकी संस्थेच्या डीओ-१६० या मानकानुसार होतात: तापमान आणि उंची, थरथर, आर्द्रता, वीजपुरवठ्यातले झटके, रेडिओ लहरींचा त्रास, विजेचा परिणाम. सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी. ही कामं ठरलेल्या चाकोरीतली आहेत, म्हणून इथे लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की वीजपुरवठ्याचा भाग घाईत उरकू नका. इंजिनाच्या जनरेटरवरून दुसऱ्या स्रोतावर जाताना पुरवठा क्षणभर डगमगतो. त्या क्षणी एसडीयू पुन्हा सुरू झाला, तर जाळ्यात परत नाव नोंदवायला किती वेळ लागतो ते मोजा. तेवढा वेळ विमान मुकं असतं.

५. शेजाऱ्यांशी पटतं का?

आकड्यांकडे एकदा नीट पाहा. इनमारसॅट टर्मिनल ऐकतं १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झवर आणि बोलतं १६२६.५ ते १६६०.५ वर. मधोमध १५७५.४२ वर जीपीएस. इरिडियमचा पट्टा १६२६.५ ला संपतो, म्हणजे इनमारसॅटचं बोलणं जिथे सुरू होतं नेमकं तिथेच. मधे मोकळी जागा नाहीच. अशी तीन कुटुंबं एकाच विमानाच्या पाठीवर काही मीटरांच्या अंतरात नांदतात.

म्हणून एसडीयू पूर्ण ताकदीने प्रसारण करत असताना जीपीएस रिसीव्हरमध्ये प्रत्येक उपग्रहाची सिग्नल-गुणवत्ता नोंदवा, आणि प्रसारण बंद असतानाच्या नोंदीशी ताडून बघा. एकापेक्षा जास्त कॅरिअर (प्रसारणाच्या वाहक लहरी) एकाच वेळी चालू ठेवूनही हे करायला हवं. गंजलेल्या कनेक्टरमध्ये किंवा सैल स्क्रूमध्ये दोन फ्रीक्वेन्सींची सरमिसळ होऊन तिसरीच उपटते, आणि ती नेमकी आपल्याच रिसीव्हरच्या पट्ट्यात पडू शकते. एका कॅरिअरवर हा दोष दिसतच नाही. विमानात इनमारसॅट आणि इरिडियम दोन्ही असतील, तर एकाने बोलताना दुसऱ्याला ऐकू येतं का, हे आलटून पालटून तपासा.

अँटेना विमानावर बसवल्यावर तिचं आणि विमानाच्या कवचाचं विद्युत बंधन, म्हणजे दोघांमधला विद्युत रोध, मोजा. बऱ्याच ठिकाणी २.५ मिलिओहमची मर्यादा धरतात. केबलचा स्वीप, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवरच्या मोजणीचा आलेख, काढून फाइल जपून ठेवा. दोन वर्षांनी कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, तर 'आधी कसं होतं' हे सांगणारी तीच एक फाइल असते.

६. विमानावर, जमिनीवरच

विमान हँगरबाहेर मोकळ्या आकाशाखाली आणा. उंच इमारतीच्या आडोशाला उभं असलेलं विमान भूस्थिर उपग्रह पाहू शकत नाही, आणि मग निर्दोष यंत्रणेत दोष शोधण्यात दुपार जाते. रोखलेल्या अँटेनाला विमानाचं स्थान आणि दिशा कळावी लागते. म्हणून इनर्शियल प्रणाली आधी जुळवून घ्या. अँटेनाजवळ कोणी शिडीवर नाही याची खात्री झाल्याशिवाय पॉवर अ‍ॅम्प्लिफायर चालू करू नका.

मग ओळख. प्रत्येक विमानाला आयकाओचा २४ बिटांचा पत्ता असतो. उपग्रहाच्या जाळ्यातली नोंद, रडारला उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डर, एसडीयूचं कॉन्फिगरेशन आणि उड्डाण-आराखडा या चारही ठिकाणी तो एकच हवा. विमानाला उपग्रह-फोन लावताना हाच पत्ता आठ अंकी ऑक्टल रूपात वापरतात, त्यामुळे रूपांतरात एक आकडा चुकला तरी फोन भलत्याच विमानात वाजू शकतो. चारही ठिकाणचा पत्ता दोन माणसांनी वेगवेगळा वाचून ताडावा.

आणि एक कडक नियम: चालू असलेल्या नियंत्रण केंद्राला न सांगता चाचणीचा एकही संदेश पाठवायचा नाही. चाचणीसाठी वेगळं केंद्र किंवा वेगळा पत्ता असतो, तो वापरा. 'ही फक्त चाचणी आहे' हे समोरच्या नियंत्रकाला आपोआप कळत नाही.

आता संदेशांची खरी चाचणी. आधी लॉगऑन. विमान आपला क्रमांक आणि नोंदणी पाठवतं, जमिनीवरची प्रणाली ते उड्डाण-आराखड्याशी जुळवते, जुळलं तरच स्वीकारते. १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या वैमानिकांनी त्या रात्री डाकार केंद्राशी तीनदा लॉगऑन करून पाहिलं. तिन्ही वेळा नकार आला, कारण डाकारच्या प्रणालीत त्या उड्डाणाचा आराखडाच नव्हता. अपघाताचं कारण ते नव्हतं. त्याच विमानाचे देखभालीचे स्वयंचलित संदेश उपग्रहामार्फत व्यवस्थित पोहोचत होते. म्हणजे आकाशातली लिंक ठणठणीत आणि जमिनीवरचा एक कागद गायब. आराखडा नसताना, चुकीच्या क्रमांकाने, जुन्या नोंदणीने असं मुद्दाम लॉगऑन करून बघा. नकार आल्यावर वैमानिकाला नेमकं काय दिसतं आणि नियंत्रकाला काही दिसतं का, ते लिहून ठेवा.

लॉगऑननंतर सीपीडीएलसी, म्हणजे नियंत्रक-वैमानिक लेखी संवाद. 'अमुक उंचीवर चढा' ही सूचना पाठवा आणि विल्को (करतो), अनेबल (जमत नाही), स्टँडबाय (थांबा) अशी तिन्ही उत्तरं देऊन बघा. स्टँडबाय दिल्यावर संवाद उघडा राहतो का? उत्तरच दिलं नाही तर नियंत्रकाला किती वेळाने इशारा मिळतो? एका केंद्राकडून दुसऱ्याकडे हस्तांतर होताना, जुनं केंद्र सुटण्याआधी आणि नवं जुळल्यानंतर, अशा दोन्ही क्षणी संदेश सोडा. विमान एका वेळी एकाच केंद्राचं ऐकतं. दुसऱ्याने पाठवलेला संदेश नाकारला गेला, हे पाठवणाऱ्याला कळायलाच हवं.

आता तो साठवलेला संदेश. समजा चढण्याची सूचना लिंक तुटल्यामुळे जाळ्यात अडकली आणि वीस मिनिटांनी, किंवा विमान उतरून पुन्हा उडाल्यावर, वैमानिकापुढे आली. सूचना खरी, मजकूर अचूक, आणि तरीही जीवघेणी. यावर उपाय म्हणून विमानात संदेशाचं वय मोजणारी मर्यादा ठेवतात. नियंत्रक ती 'जास्तीत जास्त विलंब' म्हणून ठरवून पाठवतो आणि वैमानिक ती प्रणालीत भरतो. चाचणीत या मर्यादेहून दहा सेकंद कमी आणि दहा सेकंद जास्त वयाचे संदेश पाठवा. विमान बंद करून पुन्हा सुरू करा आणि ती मर्यादा टिकते की पुसली जाते ते बघा. माझ्याकडे एकच दिवस असता, तर तो मी याच चाचणीवर घालवला असता.

एडीएस-सी मध्ये विमान ठरलेल्या करारानुसार आपलं स्थान आपणहून कळवतं. नियतकालिक, घटनेवर आधारित आणि मागणीनुसार असे तिन्ही करार तपासा. फॅन्स विमान साधारण पाच केंद्रांना एकाच वेळी अहवाल देऊ शकतं. सहावं केंद्र आल्यावर काय होतं, ही चाचणी मजेशीर असते. ठरलेल्या मार्गापासून बाजूला सरकल्याचा अहवाल सिम्युलेटरमध्ये विमान मुद्दाम सरकवून तपासायचा.

७. मुद्दाम मोडून पाहा

सगळं नीट चालू असताना उपग्रहाचं ग्राउंड स्टेशन बंद झाल्याचं नाटक करा. जाळ्याने दुसऱ्या स्टेशनकडे वळायला किती वेळ घेतला? त्या वेळात नियंत्रण केंद्राला सूचना गेली का? इनर्शियल माहिती तोडा. अँटेनाची केबल काढा. सीएमयू आणि एसडीयू यांच्यातली डेटा-बस, म्हणजे माहिती वाहणारी तार, तोडा. प्रत्येक वेळी स्टॉपवॉच लावून फक्त एकच गोष्ट मोजा: बिघाडापासून वैमानिकाला आणि नियंत्रकाला कळेपर्यंतचे सेकंद. दोघांना वेगवेगळ्या वेळी कळत असेल, तर मधला काळ धोक्याचा. त्या काळात एकजण ऐकतोय असं समजून दुसरा बोलत असतो.

जीपीएसमध्ये खोटा सिग्नल घुसवण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत, आणि त्याचा फटका संदेशवहनालाही बसतो. विमानाचं घड्याळ जीपीएसवर चालत असेल आणि ते काही मिनिटांनी सरकलं, तर संदेशांचे वेळेचे शिक्के जुळेनासे होतात आणि वयाची मर्यादा चांगल्या संदेशांनाही शिळे ठरवू शकते. बेंचवर घड्याळ पुढे-मागे करून हे करता येतं. मोकळ्या आकाशाखाली खोटा सिग्नल सोडणं बेकायदेशीर आहे. हा प्रयोग केबलमध्ये किंवा बंदिस्त खोलीतच करायचा.

८. आता उडा

उड्डाणाचा मार्ग नकाशावर सोयीचा दिसतो म्हणून निवडू नका, लिंकला त्रास होईल असा निवडा. भूस्थिर उपग्रहासाठी उत्तरेकडे जात राहा: अक्षांश वाढला की उपग्रह क्षितिजाकडे झुकतो आणि साधारण ८० अंशांपलीकडे भूस्थिर सेवेचा भरवसा राहत नाही. डावीकडे आणि उजवीकडे २५ ते ३० अंश कलून पूर्ण वर्तुळं घ्या. पंख किंवा शेपटी कधी आड येते हे नोंदींत लख्ख दिसेल. अँटेना विमानाच्या कडेला बसवलेली असेल, तर नेमकं पुढे किंवा मागे असलेल्या उपग्रहाकडे ती पाहू शकत नाही. नाक उपग्रहाच्या दिशेला धरून दहा मिनिटं सरळ उडालात की ते आंधळं क्षेत्र सापडतं.

सर्वांत उपयोगी तुकडा मात्र किनाऱ्याजवळचा आहे. जुन्या प्रणालीत व्हीएचएफ उपलब्ध असेल तर संदेश तिकडून जातो, नसेल तर उपग्रहाकडून. व्हीएचएफची हद्द संपत येते तिथे धड नाही धड आहे अशी अवस्था असते. यंत्रणा व्हीएचएफवर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते आणि हताश झाल्यावरच उपग्रहाकडे वळते. उशिरा आलेल्या संदेशांची यादी काढली की त्यातले बरेच याच पट्ट्यातले निघतात. किनाऱ्यापासून १५० ते २५० सागरी मैलांच्या पट्ट्यात दर दोन मिनिटांनी एक संदेश पाठवत आत-बाहेर दोनदा जा.

नोंदींबाबत कंजुषी करू नका. संदेशाच्या मजकुराबरोबर सिग्नलची ताकद, फ्रीक्वेन्सीचा सरकाव, वेळेचा सरकाव, बीमचा क्रमांक असं सगळं कच्च्या स्वरूपात जपा. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० विमान बेपत्ता झाल्यावर शोधाची दिशा ठरली ती इनमारसॅटच्या ग्राउंड स्टेशनमध्ये पडून राहिलेल्या अशाच नोंदींवरून. विमानाकडून कोणताही संदेश येत नव्हता. जाळं अधूनमधून 'आहेस का?' विचारायचं आणि विमानाचं टर्मिनल 'आहे' म्हणायचं. त्या 'आहे' ला लागलेला वेळ आणि त्याची फ्रीक्वेन्सी, एवढ्यावरून दक्षिण हिंदी महासागरातले, विमानाची संभाव्य जागा दाखवणारे कंस काढले गेले.

९. आवाज आणि माणसं

उपग्रह-फोनवरून बोलण्यासाठी चार प्राधान्य-पातळ्या असतात. आणीबाणीचा कॉल सर्वांत वर, उड्डाणाच्या कामाशी संबंध नसलेला सर्वांत खाली. खालच्या पातळीचा कॉल चालू असताना वरच्या पातळीचा लावा. तो लगेच जागा घेतो की 'लाइन व्यस्त' मिळते, एवढं बघितलं की या भागातलं महत्त्वाचं काम झालं.

माणसांची चाचणी मात्र सिम्युलेटरमध्ये, खऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना बसवून घ्यायची. सर्वांत घातक ठरतात अटीच्या सूचना: 'अमुक वेळी चढा'. वैमानिक 'चढा' वाचतो, 'अमुक वेळी' नजरेतून निसटतं. संदेश लांब असेल आणि अट पहिल्या पानावर, कृती दुसऱ्या पानावर असेल, तर चूक जवळजवळ ठरलेलीच. तुमचा डिस्प्ले पान कुठे तोडतो हे बघा, आणि दमलेल्या माणसाला बघायला लावा. सकाळी दहाला ताजातवाना असलेला अभियंता ही चाचणी कधीच नापास होत नाही.

१०. सेवेत गेल्यावर मोजत राहा

आता ते ३,००० व्यवहार जमवायचे. मोजण्याची पद्धत एका कल्पित उदाहरणावरून पाहू. नियंत्रकाचा संदेश १०:००:०० ला निघाला. विमानात पोहोचल्याची जाळ्याची पोच १०:००:२४ ला परत आली. वैमानिकाच्या विल्कोवर विमानाचा शिक्का १०:०१:०२ चा आहे आणि तो केंद्रात १०:०१:१६ ला मिळाला. एकूण वेळ ७६ सेकंद. पोच जाऊन यायला २४ लागले, म्हणून वर जाण्याचे निम्मे, १२ धरायचे. खाली येण्याचे १४. यंत्रणेचा वाटा २६ सेकंद, वैमानिकाचा उरलेला ५०. यंत्रणेची मर्यादा १२०, वैमानिकाची ६०, म्हणजे दोघेही आत आहेत. इथेही घड्याळंच कळीची. विमानाचं घड्याळ दहा सेकंद पुढे असेल, तर दोष वैमानिकाच्या माथी जातो आणि यंत्रणा सुटते.

सगळ्या विमानांची सरासरी काढून समाधान मानू नका. प्रत्येक विमान नोंदणीप्रमाणे वेगळं काढा, मग उपग्रह-सेवेप्रमाणे, मग ग्राउंड स्टेशनप्रमाणे. ताफ्यात चाळीस विमानं ठीक आणि एकाची केबल सडलेली असेल, तर सरासरीत ते विमान दिसतही नाही. नोंदणीप्रमाणे काढलं की ते पहिल्याच पानावर येतं.

एसडीयूचं, सीएमयूचं किंवा केंद्रातल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बदललं, की बदलाची तारीख त्याच आलेखावर उभ्या रेघेने दाखवा आणि चौथ्या, सहाव्या व सातव्या पायरीतल्या चाचण्या पुन्हा घ्या. शिळ्या संदेशाची आणि नकार मिळालेल्या लॉगऑनची तर प्रत्येक वेळी, बदल कितीही किरकोळ आहे असं सांगितलं गेलं तरी.